दोनशे लिटरचा फवारा, वीस हजार लिटरची तहान

ऐन फुलोऱ्यातल्या उन्हाळी टोमॅटोच्या एका एकराला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. पाच मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराइतकेही नाही. पण एकराच्या चार हजार चौरस मीटरवर ते पसरले की वीस हजार लिटर भरते, म्हणजे दहा हजारी दोन टँकर. त्याच एकरावर पाठीवरच्या पंपाने कुठला अर्क फवारायचा तर दोनशे लिटर पाणी पुरते. एका दिवसाच्या तहानेचा हा शंभरावा हिस्सा, आणि त्यातलाही बराचसा पानावरून उडून जाणार. त्यामुळे वनस्पतींच्या अर्कांनी भाजीपाला दुष्काळात तगतो असे कोणी म्हणाले, तर एक गोष्ट आधीच पक्की धरावी लागते : फवारा म्हणजे पाणी नव्हे. झाडाच्या हाती जे थोडे पाणी उरले आहे, ते झाड कसे खर्चते यात केलेला तो हस्तक्षेप आहे. तो किती उपयोगी पडतो, आणि कधी अजिबात पडत नाही, हा खरा प्रश्न.

प्रश्न ताजा आहे. २०२३चा ऑगस्ट हा १९०१पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी पडला. त्या वर्षी महाराष्ट्राने ऑक्टोबरअखेर आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. असा खंड पडला की कृषी सेवा केंद्राच्या फळीवरच्या ‘टॉनिक’कडे हात आपोआप जातो. शास्त्रज्ञ ज्यांना जैवउत्तेजके म्हणतात त्यांचे शेतातले नाव हेच, टॉनिक. आणि त्यांची पावती म्हणजे ‘पिकाला काळोखी आली’. पान गर्द हिरवे झाले की पैसे वसूल. काळोखी आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे काढणीच्या वेळी कळते.

भाजीपाल्याची गोची समजून घेतल्याशिवाय फवाऱ्याचा हिशेब लागत नाही. माती कोरडी पडू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढते आणि पानावरची रंध्रे मिटू लागतात. पाणी वाचते, पण त्याच दारातून येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. ऊन मात्र पडतच असते. पानाने पकडलेल्या ऊर्जेला काम उरत नाही, मग ती प्राणवायूचे उपद्रवी अवतार तयार करते आणि ते पेशींचे पापुद्रे व हरितद्रव्य पोखरतात. झाडही गप्प बसत नाही. पेशीत प्रोलीन, साखर, पोटॅश साठवून ते पाणी धरून ठेवते, आणि जुनी पाने पिवळी करून टाकून देते. बाजरी किंवा हरभरा एवढ्या बचावावर निभावून नेतो. भाजीचे तसे नाही. झाड जगले म्हणून माल आला असे तिथे होत नाही. टोमॅटो आणि मिरची फुले गाळतात, काकडी कडू होते, टोमॅटोच्या बुडाला चुन्याच्या कमतरतेचा काळा डाग पडतो, मुळा जाळी धरतो. कांद्याची बहुतेक मुळे वरच्या फूटभर मातीत, म्हणजे जी माती सर्वांत आधी सुकते तिथेच. बाजार या मालाला वजनाआधी डोळ्यांनी मोजतो. म्हणून भाजीपाल्यात दुष्काळाचे चार दिवससुद्धा महाग पडतात आणि फवाऱ्याला जी काही संधी आहे ती या चार दिवसांतच.

या क्षेत्रात सर्वांत जास्त बोलले जाते ते शेवग्याबद्दल. झाड मूळचे आपल्या उपखंडातले, पण त्याच्या पाल्याचा रस पिकांवर फवारायची कल्पना शास्त्रीय चर्चेत आली ती मध्य अमेरिकेतून. १९९०च्या दशकात निकाराग्वात निकोलाउस फॉइडल आणि त्यांचे सहकारी शेवग्यावर काम करत होते. चाळीस दिवसांच्या आतले कोवळे शेंडे थोड्या पाण्याबरोबर भरडायचे, रस गाळायचा, एका भागाला बत्तीस भाग पाणी घालायचे आणि पाच तासांच्या आत फवारायचे, ही त्यांची रीत. झाडाला साधारण २५ मिली. कांदा, ढोबळी मिरची, सोयाबीन, मका अशा पिकांत २० ते ३५ टक्के जादा उत्पादन मिळाल्याची त्यांची नोंद पुढे जगभर फिरली. फिरताना एक तपशील गळला : त्या चाचण्या दुष्काळाच्या नव्हत्या.

रसात गुण कशाचा? मुख्य मान झिआटिनला दिला जातो. हे सायटोकायनिन गटातले संप्रेरक. नाव मक्याच्या लॅटिन नावावरून पडले, कारण १९६३ साली ते कोवळ्या मक्याच्या दाण्यांतून वेगळे केले गेले. सायटोकायनिने मुळांत तयार होऊन वर पोचतात आणि पानाला म्हातारे होऊ देत नाहीत. माती सुकली की हा पुरवठा आटतो आणि पाने पिकू लागतात. बाहेरून थोडे झिआटिन दिले तर पान जास्त दिवस कामावर राहील, असा तर्क. तर्क पोकळ नाही. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी सायटोकायनिन बनवून पाने उशिरा पिकू देणारे जनुक घातलेली तंबाखूची झाडे बनवली, आणि ती नेहमीच्या ३० टक्के पाण्यावरही फारशी मार न खाता टिकली. अर्थात जनुक झाडातच असते आणि ताण आला की आपोआप कामाला लागते. फवारा दोन-तीन आठवड्यांतून एकदा.

(कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये. १९४१ साली योहानेस व्हान ओव्हरबीक यांनी धोत्र्याचे इवले गर्भ काचेच्या भांड्यात वाढवले ते शहाळ्याच्या पाण्यावर. त्यात पेशींना फुटायला लावणारे काहीतरी आहे, हे सायटोकायनिन हा शब्द जन्मण्याआधीच कळले होते.)

शेवग्याची दुष्काळातली परीक्षा पुढे पाकिस्तान आणि इजिप्तमध्ये झाली. दोन्ही देशांचे पाणी एकेका नदीखोऱ्यावर अवलंबून, त्यामुळे ते साहजिकच. फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात शहजाद बसरा यांच्या गटाने ३ टक्के अर्कावर वर्षानुवर्षे काम केले, जास्त करून गव्हावर. फायूम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये भोपळावर्गीय स्क्वॉशवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तिथे पाणी मुद्दाम तोडत नेले होते. फवारलेल्या झाडांच्या पानांत पाणी जास्त टिकले आणि प्रत्येक घनमीटर पाण्यामागे उत्पादनही जास्त आले. हा पुरावा निकाराग्वाच्या आकड्यांपेक्षा आपल्या कामाचा, कारण तो आपल्याच प्रश्नाला उत्तर देतो.

सोलापूर, सांगोला भागात शेवग्याच्या बागा आहेत, इतरत्र बांधावर एखादे झाड असतेच, आणि छाटणीनंतर कोवळ्या फुटींचा ढीग पडतो. एकराच्या दोनशे लिटरला सहा लिटर रस लागतो. अडचण झाडाची नाही, वेळेची आहे. रस आंबायला लागतो, नीट गाळला नाही तर नोझल तुंबतो, आणि जून पाल्याचा रस कोवळ्या पाल्याच्या रसासारखा नसतो. घरी केलेल्या दोन घाण्यांत फरक पडणारच.

समुद्री शैवालाचे दुकान याहून जुने. काटेकोर बोलायचे तर शैवाल ही वनस्पतींच्या घरची चुलत शाखा, पण बाजाराला त्याची फिकीर नाही. किनाऱ्यावरचे शेतकरी शतकानुशतके शैवाल खत म्हणून शेतात टाकत आले; ते पातळ करून बाटलीत भरण्याचे तंत्र ब्रिटनमध्ये रेजिनाल्ड मिल्टन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस बसवले. उत्तर अटलांटिकचे ॲस्कोफायलम नोडोसम हे तपकिरी शैवाल या धंद्याचा कणा आहे. २०१७च्या एका अभ्यासात ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर त्याचा अर्क दिला तेव्हा रंध्रे दुष्काळ येण्याआधीच थोडी मिटली आणि रोप ताणाला जणू तयार होऊन बसले. मार बसण्याआधी अंग आखडून घ्यावे तसे.

पण या शाखेतला सर्वांत बोलका प्रयोग आयर्लंडमधल्या ट्रॅली इथला, २०१८चा. टोमॅटोच्या रोपांचे पाणी सात दिवस तोडले आणि याच एका शैवालापासून बनवलेले तीन वेगवेगळे व्यापारी अर्क तपासले. तिन्हींचा परिणाम सारखा आला नाही. शैवाल एकच, पण ते उकळले कसे, कोणत्या तापमानाला, आम्लात की अल्कलीत, यावर बाटलीतला माल ठरतो. तेव्हा ‘सीवीड आहे’ या वाक्याला दुकानात जेवढे वजन असते तेवढे प्रयोगशाळेत नाही.

भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तराफ्यांवर वाढवलेले कप्पाफायकस हे शैवाल ताजेच चिरडायचे. रस फवारणीला आणि उरलेल्या चोथ्यातून आइस्क्रीम-टूथपेस्टला लागणारे कॅराजिनन. एकाच कापणीत दोन माल. या रसाच्या टोमॅटोसह अनेक पिकांवर चाचण्या झाल्या आणि उत्पादनवाढ दिसली, मात्र त्यांतल्या बऱ्याच चाचण्या पुरेशा पाण्यावरच्या होत्या.

अर्कातला गुण एका रेणूत सापडतो का, हा शोध समांतर चालू होता, आणि त्याने संशोधकांना शेतातल्या ओळखीच्या झाडांपाशीच नेले. बीटरूटच्या कुळातल्या साखरबीटात ग्लायसीन बीटेन भरपूर असते. नावातला ‘बीट’ तोच. ते पेशीत साठले की पाणी धरून ठेवते आणि प्रथिनांना सांभाळते. टोमॅटो ते स्वतः साठवत नाही. म्हणून १९९०च्या दशकात फिनलंडच्या संशोधकांनी बीटसाखर उद्योगातून मिळणारे बीटेन टोमॅटोच्या पानांवर फवारून पाहिले आणि उष्णता व क्षारांनी ग्रासलेल्या शेतांत त्याला चांगली दाद मिळाली. सॅलिसिलिक आम्लाचे नाव विलो वृक्षाच्या सालीवरून पडले. आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज त्याच कुळातला. ॲस्पिरिनचा हा पूर्वज अर्धा मिलिमोलर इतका पातळ, म्हणजे लिटरला सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास, वापरला तर ताणातल्या झाडाची संरक्षण यंत्रणा जागी करतो. हात सैल सुटला की पाने करपतात. ब्रासिनोलाइडची गोष्ट तर थक्क करणारी. १९७९ साली अमेरिकेत मधमाश्यांनी गोळा केलेल्या मोहरीवर्गीय रेपच्या सव्वादोनशे किलो परागांतून ते जेमतेम काही मिलिग्रॅम हाती लागले. आज बाजारात मिळते ते कारखान्यात जुळवलेले त्याचे भाऊबंद. त्यांना ‘नैसर्गिक’ म्हणायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. झाडाला तो भेद कळत नाही.

आता लसूणघासाची कहाणी, कारण ती या सगळ्या प्रकरणाला आरसा दाखवते. मिशिगन राज्य विद्यापीठात स्टॅनले रीस यांना १९७०च्या दशकात दिसले की टोमॅटोच्या ओळीजवळ लसूणघासाची कुट्टी टाकली तर त्यातल्या नत्राच्या हिशेबापेक्षा जास्त उत्पादन येते. त्यांनी माग काढला आणि १९७७मध्ये जाहीर केले की गुण ट्रायकॉन्टेनॉलचा आहे. तीस कार्बन अणूंचे हे मेणचट अल्कोहोल मधमाश्यांच्या मेणातही असते. अत्यल्प मात्रेत रोपे वाढतात म्हटल्यावर जगभर उत्साहाची लाट आली. भारतातही ते लवकरच बाटल्यांत आले आणि अजून आहे. पुढे शेताशेतांत परिणाम सारखे येईनात. मेणचट रेणू पाण्यात नीट मिसळत नाही, मात्रा इतकी सूक्ष्म की थोडी भेसळही निकाल फिरवते, आणि हवामान, वय, वेळ यांचा खेळ वेगळाच. रेणू खोटा नव्हता. पण काचघरातला चमत्कार शेतात नेताना वाटेत किती सांडते हे त्यातून दिसले. नंतर आलेल्या प्रत्येक टॉनिकने ही कहाणी वाचायला हवी होती.

मात्रेचा मुद्दा ज्वारीइतका उघड कुठेच दिसत नाही. ज्वारीच्या वाळल्या ताटांचा पाण्यात काढलेला अर्क फैसलाबादमध्ये ‘सोरगाब’ या नावाने तणे दाबण्यासाठी वापरला गेला. ज्वारीनंतरचे पीक कधीकधी उठत नाही हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. तोच अर्क फार पातळ केला की वाढीला चालना देतो. जे घट्ट असताना मारते ते पातळ असताना तारते, तेव्हा अंदाजाने माप घालणे हा इथे निव्वळ जुगार आहे. आणखी एक घोळ नेहमीचा : दशपर्णी किंवा निंबोळी अर्क हे किडींसाठी आहेत. दुष्काळात तेच जोरात मारणे म्हणजे तहानलेल्याला खोकल्याचे औषध देणे. शिवाय तेलकट थर भर उन्हात बसला तर करपा वेगळाच.

पाइनच्या राळेपासून बनवलेले बाष्परोधक फवारे हा सरळसोट मार्ग. पानावर पातळ पापुद्रा बसतो आणि पाणी कमी उडते. कार्बन डायऑक्साइडही कमी येतो, पान तापते, म्हणून फळ धरण्याच्या काळात हा सौदा फारसा परवडत नाही. रोपे लावताना मात्र काही दिवस उपयोग होतो.

या सगळ्यातून बेरीज काय निघते? बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२मध्ये उघड्या शेतातल्या १८० अभ्यासांची एकत्र छाननी केली. सगळ्या प्रकारची जैवउत्तेजके धरून सरासरी उत्पादनवाढ १७.९ टक्के निघाली. फायदा कोरड्या हवामानात आणि भाजीपाल्यात सर्वांत जास्त, आणि हलक्या, क्षारयुक्त, सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या जमिनींत अधिक. मराठी मुलखातल्या बऱ्याच शेतांचे हे वर्णन म्हणायला हरकत नाही. तरी हा आकडा जपूनच घ्यावा. ज्या प्रयोगात काहीच घडले नाही तो छापायला कोणाला घाई नसते, आणि चाचण्यांमागे कंपन्यांचा पैसा असणे नवे नाही. शिवाय सरासरी म्हणजे एकाला चाळीस टक्के आणि दुसऱ्याला शून्य असेही असू शकते. जास्त भरवशाची गोष्ट दिशा ही आहे : ताण मध्यम असेल तर अर्क मदत करतात, आणि सुपीक, भरपूर पाण्याच्या जमिनीत त्यांना करायला फारसे काही उरत नाही. दुष्काळ टोकाचा असेल तर काहीच चालत नाही, हे उघडच.

बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न विज्ञानापेक्षा कायद्याचा. युरोपीय संघाने २०१९च्या नियमाने जैवउत्तेजकाची व्याख्या केली आणि दुष्काळासारखा ताण सोसण्याची क्षमता वाढवणे हा त्यातला एक दावा मानला; तो नियम जुलै २०२२पासून लागू आहे. भारतात ही उत्पादने वर्षानुवर्षे ना खत ना औषध अशा मोकळ्या रानात विकली गेली. फेब्रुवारी २०२१मध्ये ती १९८५च्या खत नियंत्रण आदेशाखाली आली. वनस्पती व शैवाल अर्क, अमिनो आम्ले, ह्युमिक, बाष्परोधके असे गट पडले, शेतातल्या चाचण्या आणि विषारीपणाची माहिती देणे आले. तात्पुरत्या नोंदणीची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढत राहिली. जुलै २०२५मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितले की एके काळी जवळपास ३०,००० उत्पादने तपासणीविना विकली जात होती, मग ८,०००च्या आसपास उरली, आणि कडक छाननीनंतर साधारण ६५०. बाद झालेल्या हजारो बाटल्यांवर ज्यांनी पैसे घातले त्यांचा हिशेब कुठे लागणार नाही. टॉनिक उधारीवर मिळते आणि पीक आले तर श्रेय त्याचे, गेले तर दोष पावसाचा, हे दुकानदारीचे जुने गणित आहे.

वापराबाबत मात्र संशोधन आणि शेतातला अनुभव बऱ्यापैकी एका दिशेला बोट दाखवतात. फवारा ताण येण्याआधी किंवा ताणाच्या अगदी सुरुवातीला द्यायचा. जमिनीत थोडा तरी वाफसा असावा लागतो, कारण माना टाकलेल्या पिकाच्या पानांवरचा मेणाचा थर जाड झालेला असतो आणि रंध्रे बंद असतात. अर्क आत शिरायला वाटच राहत नाही. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, पानाची खालची बाजू भिजेल अशी. विहिरीचे पाणी जड, खारट असेल तर अर्काआधी पाण्याचीच चौकशी करावी. आणि क्रम चुकवू नये. ठिबक, पाचटाचे किंवा कागदाचे आच्छादन, ओळीच्या बाजूला सावली, गरजेपेक्षा कमी क्षेत्र लावण्याचा धीर, हे आधी. एकराच्या वीस हजार लिटरांतले दोन-चार हजार लिटर आच्छादनाने वाचले, तर ती बचत रोजची आहे. फवाऱ्याने मिळते ती मुदत, आणि तीही काही दिवसांचीच. पुढचे आवर्तन किंवा पुढचा पाऊस त्या मुदतीत येणार असेल तर एखादा तोडा वाचतो.

आपल्या शेतात तो वाचला की नाही, हे कळण्याची सोय फुकट आहे, पण फार थोडे लोक ती वापरतात : फवारताना मधल्या चार सऱ्या कोऱ्या सोडायच्या. त्यांवर नुसते पाणी फवारायचे, म्हणजे पंपातल्या ओलाव्याचाच गुण अर्काच्या नावावर जायला नको. दोन्हीकडची फुले मोजायची, आणि तोडणीला दोन्हीकडचे क्रेट वेगळे ठेवून वजन करायचे, पहिल्या प्रतीचा माल वेगळा काढून. चार सऱ्या कोऱ्या ठेवणे म्हणजे नुकसान करून घेणे असे वाटते, म्हणून हात थांबत नाही. मग पुढच्या खंडात दुकानात उभे राहून आठवते ते एवढेच, की गेल्या वेळी काळोखी छान आली होती.